कामाचं जमलं, गप्पांचं काय? – कर्णबधिर-अंध सहकारी (सांगली)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. थोडं लांबेल.

आमची पतसंस्था, मुख्य कार्यालय विश्रामबागला. कर्जविभागात एक सहकारी आहेत, त्यांना इथे अण्णा म्हणते. (त्यांना विचारूनच लिहितेय. "नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही," म्हणाले.) लहानपणापासून ऐकायला कमी, दोन्ही कानांना मशीन, पण बोलणं एकदम स्वच्छ. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं, यांना सगळं ऐकू येतंय. नजर गेल्या काही वर्षांत उतरत गेली. आधी रात्रीची गाडी बंद झाली, मग बाजूचं दिसेनासं झालं. आता नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं, तेही उजेड असेल तर.

काम मार्गी लागलंय. पडद्यावर काळ्यावर पिवळी मोठी अक्षरं, ब्रेल शिकणं चालू, काउंटरवरून काढून थकबाकीच्या नोटिसा आणि व्याजाची तपासणी त्यांच्याकडे दिली. आकारणीतली चूक शोधावी तर त्यांनीच.

अडतं ते चार वाजता. चहा येतो, कुणीतरी अण्णांना धरून आणतं, खुर्चीत बसवतं, कप हातात देतं आणि आम्ही आपापसात सुरू होतो. बेदाण्याला काय भाव फुटला, कुणाच्या पोरीचं कुठे ठरलं, महापालिकेत काय शिजतंय. आम्ही हसलो की तेही हसतात, जरा मागून. कप ठेवतात, "चला, काम पडलंय" म्हणतात आणि उठतात. काम पडलेलं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

डिसेंबरात आमचा हुरडा असतो. यंदा "मला नको" म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय त्यांनी.

तर कुणाच्या ऑफिसात असा अनुभव आहे का? कीव नको, 'त्यांना समजून घ्या' असलं मोघमही नको. उद्या चार वाजता काय करू ते सांगा.

स्पष्टच_बोलतो

ताई, भावना चांगली आहे, पण ऑफिस हे ऑफिस असतं. मैत्री ठरवून होत नाही. मलाही कुणी चहाला विचारत नाही, मी धागा काढला का? माणसाला एकटं राहायचं असेल तर राहू द्या. तुम्ही सगळे मिळून मागे लागलात तर त्यांनाच जास्त संकोच होईल.

हरिपूर_घाट

@स्पष्टच_बोलतो, तुम्हाला का विचारत नाहीत ते या प्रतिसादावरून कळलं :)

पण गंमत सोडा. तुम्ही चहाला गेला नाहीत तरी शेजारच्या टेबलावरचं तुमच्या कानावर पडतं, कोण कुणाशी बोलत नाही ते डोळ्यांना दिसतं. अण्णांना ती सोय नाही. एकटं बसणं आणि काहीच न कळता बसणं यांत फरक आहे.

मिरजमळा

मी मिरजेत श्रवणतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण जन्मापासून ऐकू कमी, मग आधी रात्रीचं आणि नंतर कडेचं दिसणं कमी, हा क्रम अशर सिंड्रोममध्ये असतो. यात डोळ्याच्या पडद्याचा आजार आणि बहिरेपण एकत्र येतात. आजार अनुवंशिक, आई आणि वडील दोघांकडून ते जनुक यावं लागतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, तिथे अशा आजारांची शक्यता वाढते. हे सांगितलं की घरचे चिडतात, पण सांगावं लागतं.

आता तुमच्या चार वाजताचं. कानातलं मशीन आवाज मोठा करतं, पण सगळेच आवाज मोठे करतं. पंखा, कपबशा, ओढलेली खुर्ची, आणि त्यात सहा जण एकदम बोलतायत. शांत खोलीत हाताच्या अंतरावर एक माणूस बोलला तर अण्णांना बरंच कळत असेल, चहाच्या घोळक्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणून ते सकाळी तुमच्याशी नीट बोलतात आणि दुपारी गप्प होतात. लोकांना वाटतं मूडवर आहे.

करून बघण्यासारखं म्हणजे बिनतारी माइक. बऱ्याच मशिनांना जोडता येतो, त्यांच्या मशीनला चालेल का ते जिथून घेतलं तिथे विचारा. बोलणाऱ्याने तो हातात धरायचा किंवा कॉलरला लावायचा, आवाज थेट कानात जातो. आणि नियम एकच करा, ज्याच्या हातात माइक त्यानेच बोलायचं.

बसण्याची जागाही बघा. खिडकी अण्णांच्या पाठीशी हवी, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलात की त्यांना तुमची नुसती काळी आकृती दिसते, ओठ दिसत नाहीत. पांढऱ्या टेबलावर पांढरा कप ठेवू नका, गडद ट्रे घ्या. कप सांडेल या धास्तीनेच अर्धे लोक चहाला यायचं टाळतात.

स्पष्टच_बोलतो

माझा मुद्दा कायम आहे. पण माइकवाली युक्ती आमच्या मासिक मीटिंगला लागू केली पाहिजे. तिथे सगळ्यांचे कान शाबूत असून कुणी कुणाचं ऐकत नाही.

बेदाणा_शेड

ताई, आमचं गाव तासगावजवळ. माझा धाकटा भाऊ जन्मापासनं दोन्हीनं. आईला तो पोटात असताना अंगावर पुरळ आलतं, रुबेला म्हणतात ते. तवा कुणाला काय ठाऊक. आता २०१८ पासनं पोरांना गोवर-रुबेलाची लस टोचतात, तेव्हा शेजारणी कुरकुर करायच्या आन आई त्यांना धरून न्यायची.

भाऊ बेदाण्याच्या शेडात खोकी बनवतो. सपाट पुठ्ठा घ्यायचा, दुमडायचा, पट्टी मारायची. हाताला लई फास्ट हाय, डोळसापेक्षा जास्त खोकी पडत्यात. बोलणं तळहातावर. अक्षरं काढायची बोटानं, वर रेघ मारायची न्हाई, वेळ जातोय. आधी अक्षर, मग काना-मात्रा, तो बरोबर जोडून घेतो. पुसायचं असलं की तळहातावरनं हात फिरवायचा.

शेडात बायका जास्त. पयल्यांदा घाबरायच्या, हात कसा धरायचा म्हणून. मग एका मावशीनं काय केलं, तिच्या मनगटावर कडं हाय, ते त्याच्या बोटाला लावलं. झालं, त्या मावशीचं नाव 'कडं' पडलं. मग हरेकीनं आपापली खूण दिली. एकीचा चष्मा, एकीची पाटल्यांची जोडी, मुकादम म्हंजी मिशी. आता कुणीबी जवळ आलं की आधी आपली खूण लावतंय, मग बोलतंय. तो बी चेष्टा करतोय. मुकादमाची खूण करून तोंड वाकडं करतो, आख्खी शेड हसती.

तुमच्या अण्णांना पण खुणा द्या. कोण आलंय ते कळंना झालं की माणूस गप बसतंय.

हरिपूर_घाट

बेदाणा_शेड, वेगळा धागा काढा हो तुम्ही. मुकादमाची मिशी वाचून ऑफिसात हसलो.

सहा_ठिपके

मी कराडचा. ऐकू अजिबात येत नाही, दिसतं ते उजेड आणि अंधार इतकंच. हा धागा ऑर्बिट रीडरवर, म्हणजे ब्रेलचे ठिपके उमटवणाऱ्या यंत्रावर वाचतोय. त्यावर एका वेळी वीस घरं उमटतात, बोटं फिरवायची, पुढची वीस. तेव्हा लांब लिहिणाऱ्यांनो, जरा दया.

वारणाकाठ, तुम्ही अण्णांना चहाला आणता हे चांगलं. पण आणून सोडता. माझ्या आधीच्या नोकरीतही असंच होतं, म्हणून मला काय बोचायचं ते सांगतो.

सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "काही नाही, नंतर सांगतो". सगळे हसतात, मी विचारतो काय झालं, तळहातावर उत्तर येतं, "काही नाही." नंतर कुणी सांगत नाही. विनोद फालतू असेल तर फालतूच सांगा, पण सांगा. फालतू होता हे मला ठरवू द्या.

दुसरं, न सांगता उठून जाणं. मी बोलत असतो, समोरचा फोन आला म्हणून गेलेला असतो आणि मी खुर्चीला बेदाण्याचे भाव सांगतोय. जाताना हातावर दोनदा थोपटा. आल्यावर खूण, जाताना थोपटणं, इतकं केलंत तरी माझी निम्मी धास्ती जाते.

तिसरं जरा सांगायला अवघड आहे. आमचे एक शिपाईकाका मुदतीआधी नोकरी सोडून गेले. निरोपाची वर्गणी मी दिली, हार घालताना रांगेत होतो. ते का गेले हे मला फार उशिरा कळलं. विचारलं तर सगळे म्हणाले, "अरे, सगळ्यांना माहीत होतं." कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कानावर पडलं होतं. माझ्या कानावर काही पडत नाही. मला ते कुणीतरी मुद्दाम द्यावं लागतं. साहेब आज तणतणत आलेत, नवीन मुलगी जॉइन झालीय आणि घाबरलेली दिसतेय, दोघांचं भांडण झालंय म्हणून आज टेबलं लांब आहेत. कामाचे निरोप मला वेळेवर मिळायचे. ही माहिती मिळायची नाही, आणि तिच्याशिवाय मी कुणाशी काय बोलणार?

म्हणून घोळक्यात ओढण्यापेक्षा रोज एकाने पाच मिनिटं अण्णांशेजारी बसावं आणि दिवसभरातल्या उचापती सांगाव्यात. खऱ्याखुऱ्या. सुविचार नकोत. आणि त्यांनाही चुगली करू द्या. मला लोक नेहमी काहीतरी द्यायला येतात, माझ्याकडून काही घ्यायला कुणी येत नाही.

सहा_ठिपके

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल राहिलं. ऑफिसचा ग्रुप असेलच. माझ्या बोटांखाली त्यातलं काय येतं माहीत आहे? फोटो. फोटो. स्टिकर. व्हॉइस मेसेज. फोटो. मग "हाहाहा". फोटो टाकलात तर खाली एक ओळ लिहा, 'साहेब टोपी घालून केक कापतायत' एवढी पुरे. बोललेलं आणि टाइप केलेलं यांत माझ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठीत बोलून टाइप करायची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे, ती वापरा. अँड्रॉइडच्या टॉकबॅकला (पडद्यावरचं वाचून सांगणारी सोय) ब्रेल डिस्प्ले जोडता येतो, संगणकावर त्याच कामाचं एनव्हीडीए फुकट आहे. अण्णांची नजर आहे तोवर ब्रेलची बोटं तयार होऊ द्या, घाई करा.

आणि हो, हेलन केलर, त्याही ऐकू-दिसत नसलेल्या, १९५५ मध्ये भारतात येऊन गेल्या. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण नवीन भेटलेला प्रत्येक जण मला त्यांचंच नाव सांगतो. मला सिनेमा, राजकारण आणि मटणाच्या रश्श्यावर बोलायला आवडतं.

निशिगंधा_खटाव

हे सगळं वाचून विचारावंसं वाटतं, कारण कुणीतरी विचारलं पाहिजे. मी साताऱ्यात एका कार्यालयात आहे. आमच्याकडे असे सहकारी आले तर मी, एक बाई, त्यांचा हात हातात घेऊन तळहातावर लिहायचं? ऑफिसात काय काय बोलतील, गावाकडचं तर सोडाच. आणि खरं सांगायचं तर मलाही अवघडल्यासारखं होईल.

सहा_ठिपके

विचारलंत ते बरं केलंत, बहुतेक जण याच कारणाने लांब राहतात आणि कारण सांगत नाहीत. जबरदस्ती काहीच नाही. आधी माझ्या हाताच्या मागच्या बाजूला हलकं टेकवा आणि थांबा. मला बोलायचं असेल तर मी तळहात पुढे करतो. माझा हात धरून ओढायचं नाही, उचलून कुठे नेऊन ठेवायचा नाही. कुणाला नकोच असेल तर फोनवर टाइप करून पाठवा, शेजारी बसून पाठवलं तरी चालतं. अण्णांना तर अजून थोडं दिसतं, त्यांना मोठ्या अक्षरात फोन पुढे धरला की झालं.

बेदाणा_शेड

आमच्या मालकानं एकदा सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ह्यो हात धरतोय म्हंजी बोलतोय, दुसरं काय न्हाई. उघड्यावर सांगितलं की कुजबुज थांबती.

कुपवाड_शिफ्ट

मी कुपवाड एमआयडीसीत सेफ्टीचं बघतो. थोडं अवांतर, पण लिहितोच. आगीचा भोंगा वाजला तर अण्णांना कसं कळणार, हे ठरवलंय का? पाठीवर बोटाने मोठी फुली मारायची, म्हणजे 'धोका, आत्ता चल, कारण नंतर'. परदेशात ही खूण शिकवतात, आपल्याकडेही वापरायला काही खर्च नाही. सगळ्या स्टाफला शिकवा, सरावाच्या दिवशी वापरा, चेष्टेत कधीच मारू नका.

चालताना तुम्ही त्यांचा दंड धरू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. 'धरून आणतं, खुर्चीत बसवतं' हे वाचलं म्हणून सांगतोय. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात ठेवा, बसतील की ते स्वतः.

पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले तर माणूस अंध आणि बहिरा दोन्ही, हे आपल्या रस्त्यावर किती जणांना माहीत असेल? मागून हॉर्न मारत बसतात.

नियमपुस्तक

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६, लागू १९ एप्रिल २०१७. त्यात कर्णबधिर-अंधत्व बहुविकलांगतेत धरलंय. कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही की पद उतरवता येत नाही, पण ते सरकारी आस्थापनांना. कलम २१, समान संधी धोरण, हे प्रत्येक आस्थापनेला आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी लिहायच्या आणि संपर्क अधिकारी नेमायचा. तुमच्या पतसंस्थेचं धोरण आहे का विचारा. माइकचा खर्च त्यात मागता येईल. चहाला कुणी शेजारी बसावं हे मात्र कुठल्याच कलमात नाही.

हरिपूर_घाट

शिकवायला कुणी आहे का जवळपास?

मिरजमळा

मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून याच क्षेत्रात आहे, अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया आहे. फोन करून विचारा. इथे हाताशी दुभाषी मिळेल अशी आशा धरू नका, तुमचा स्टाफच तयार करावा लागेल.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतेय कारण सांगण्यासारखं झालंय.

सहा_ठिपके यांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून अण्णांना दिला. भिंगाने सावकाश वाचला आणि म्हणाले, "खुर्चीला भाव सांगतो ते बरोबर लिहिलंय." मग त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांची यादी आमच्या अंदाजापेक्षा फार वेगळी निघाली. घोळका नकोय. एका वेळी एक माणूस, तोही रेकॉर्ड रूममध्ये, कारण तिथे पंखा आवाज करत नाही. रोज नकोय. "ऐकायला, बघायला इतका जोर लागतो की दुपारी डोकं भणभणतं, कधी कधी मला खरंच गप्प बसायचं असतं." म्हणजे स्पष्टच_बोलतो, तुमचाही मुद्दा थोडा बरोबर होता. फरक इतकाच की आता ते सांगतात. टेबलावर पेपरवेट उभा असला तर या, आडवा असला तर नको.

खुणा ठरल्या. माझी खूण घड्याळ. रोखपालांनी आपली खूण म्हणून नाक पुढे केलं, ते नामंजूर झालं. दंडावर बोटं वळवळली म्हणजे लोक हसतायत, तळवा दाबून धरला म्हणजे साहेब आत आले. दुसऱ्या खुणेचा उपयोग पहिल्यापेक्षा जास्त होतोय.

माइक अजून आलेला नाही, संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवलाय. ग्रुपवर फोटोखाली ओळ लिहिणं निम्मे जण करतात, उरलेले विसरतात. आणि एक जण इतकं सविस्तर लिहितो की अण्णांनी त्याला हात जोडले.

खरी अडचण एका गोष्टीत आली. अण्णांना सगळ्या बातम्या कळायला लागल्या, आणि ते मोठ्याने बोलतात. कुणाच्या पोरीचं मोडलं हे त्यांनी भर काउंटरमागे विचारलं, खातेदारांसमोर. त्यांना आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. आता मनगटावर बोट खाली ओढलं की 'हळू', हेही ठरलंय.

निशिगंधा_खटाव

हुरड्याचं काय ठरलं?

वारणाकाठ

"मला नको" का म्हणत होते ते कळलं. आमचा हुरडा दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतो. अंधार पडला की अण्णांना शेतात काहीच दिसत नाही, शेकोटीजवळ ओठही दिसत नाहीत, आणि परतीच्या गाडीसाठी सगळ्यांची वाट बघत बसावं लागतं. म्हणून यंदा सकाळी दहाला जायचं आणि उजेडात परत. शेकोटीवाले कुरकुरतायत, त्यांची दुसरी गाडी मागून येईल. अण्णा हो म्हणालेत, पण अट घातलीय की पत्ते पाहिजेत. पूर्वी चांगले खेळायचे म्हणे. आता ब्रेलचे पत्ते कुठे मिळतात, कुणाला माहीत आहे?

सहा_ठिपके

विकत घेऊ नका, घरी टोचता येतात. ब्रेलची पाटी आणि टोचणी लागते, ती अण्णांकडे असेल, शिकतायत म्हणजे. प्लास्टिकचा जोड घ्या, कागदी पत्त्यांचे ठिपके चार डावांत सपाट होतात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं टोचा, एक पत्त्याचं आणि एक रंगाचं, म्हणजे पत्ता कसाही धरला तरी वाचता येतो. बाकीच्यांनी पत्ता टाकताना तो आधी अण्णांच्या बोटांखाली न्यायचा, मग खाली ठेवायचा. डाव हळू चालतो, त्याची तयारी ठेवा.

रमीपेक्षा मेंढीकोट लावा, त्यात भिडू असतो. फक्त भिडूने तळहातावर काय लिहायचं आणि काय नाही ते आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे भिडू माझ्या हातावर हुकूम लिहितो म्हणून भांडण झालं होतं. लिहीत होता, हे खरंच आहे.